नंबर सतरा गैरहजर

चौथीच्या वर्गाच्या बाईंना सगळी शाळा पाठीमागे हजेरीबाई म्हणायची. हे नाव कुणी पाडलं ते आता कुणालाच आठवत नाही, पण पाडणाऱ्याचा नेम अचूक होता. बाई गणित शिकवायच्या, भाषा शिकवायच्या, वेळ आली तर गळ्यात शिट्टी अडकवून कवायतही घ्यायच्या. पण त्यांचा खरा विषय म्हणजे हजेरी. बाकीचे शिक्षक वर्गावर एक नजर टाकून ‘कोण नाही रे आज?’ एवढ्यावर काम उरकायचे. बाईंच्या वर्गात एकेका नंबराची हाक निघायची, त्या नंबरानं उभं राहून ‘हजर बाई’ म्हणायचं, आणि मगच पेन कागदाला टेकायचं. नुसता हात वर केलेला चालत नसे. ‘आहे बाई, हा काय इथंच बसलाय’ अशी शेजाऱ्यानं ग्वाही दिली, तर शेजाऱ्याचीच खरडपट्टी निघे.

याला कारण होतं आणि ते हसण्यासारखं नव्हतं. नोकरीच्या दुसऱ्याच वर्षी बाकावर दप्तर दिसलं म्हणून बाईंनी एका मुलाला हजर मांडलं होतं. ते पोरगं शाळा भरण्याआधी लपाछपी खेळताना खेळाच्या सामानाच्या खोलीत शिरलं, तिथल्या गाद्यांवर त्याला झोप लागली आणि शिपायानं बाहेरून कडी घातली. वहीत हजर, त्यामुळे दिवसभर कुणी शोधलंच नाही. संध्याकाळी त्याची आई रडत शाळेत आली तेव्हा पळापळ झाली. पोराला काही झालं नव्हतं, उलट झोप झाल्यामुळे ते चांगलं ताजंतवानं होतं. पण बाईंनी त्या दिवशी कानाला खडा लावला, की आवाज ऐकल्याशिवाय कुणाला हजर म्हणायचं नाही.

हा नियम पुढे शाळेच्या फाटकाबाहेरही गेला. घरी ताटं मांडली की बाई हाक मारायच्या. नवरा चष्म्याच्या दुकानात दिवसभर लोकांच्या नाकाची मापं घेऊन दमलेला असायचा. तो मुकाट्यानं ‘हजर’ म्हणून मोकळा व्हायचा. सासूबाई मात्र मुद्दाम गप्प राहायच्या. समोर ढळढळीत बसलेल्या, हातात चमचासुद्धा धरलेला, पण उत्तर नाही. “मी काय तुझ्या वर्गात आहे?” असं त्या शेवटी म्हणायच्या, आणि बाई म्हणायच्या, “चला, आवाज आला,” आणि वाढायला घ्यायच्या. हे चोवीस वर्षं चाललं होतं आणि दोघींनाही त्यात मजा येत असावी, असा नवऱ्याचा अंदाज होता. तो त्यानं कधी बोलून दाखवला नाही, कारण तो शहाणा माणूस होता.

वर्गातलं मूल सलग तीन दिवस आलं नाही की चौथ्या दिवशी शाळा सुटल्यावर बाई त्याच्या घरी हजर. या भेटीची मुलांना एवढी धास्ती, की तापानं फणफणलेली पोरंसुद्धा तिसऱ्या दिवशी शाळेत यायची आणि ‘हजर बाई’ म्हणून बाकावर डोकं ठेवायची. मग बाईंनाच त्यांना घरी पोचवावं लागे. म्हणजे भेट काही टळायची नाही.

अशा बाईंच्या वर्गाला हेडसरांनी परदेशातल्या एका वर्गाशी जोडून दिलं. कल्पना संगणकवाल्या सरांची. हे सर वयानं लहान, उत्साहानं मोठे, आणि प्रत्येक वाक्यात एकदा तरी ‘जग जवळ आलंय’ म्हणणारे. त्यांनी इंटरनेटवरून कुठल्या तरी लांबच्या देशातल्या एका शाळेशी संधान बांधलं. दर बुधवारी वीस मिनिटं तिकडची मुलं इकडच्या मुलांना पडद्यावर दिसणार, एकमेकांशी बोलणार. आपल्याकडे शेवटचा तास असेल तेव्हा त्यांच्याकडे पहिला. “एवढा उशिरा भरतो त्यांचा पहिला तास?” असं बाईंनी विचारलं, तेव्हा सरांनी पृथ्वीचा गोल आणून सूर्य, दिवस, रात्र सगळं समजावलं. बाई म्हणाल्या, “ते मी चौथीला शिकवते हो. मी विचारतेय, मुलं वेळेवर येतात का?”

पहिला बुधवार उजाडला. भिंतीवर पांढरा पडदा, बाकावर सहा जाडजूड पुस्तकं रचून त्यावर लॅपटॉप, आणि पडद्यावर एकदम एक अख्खा वर्ग. रांगेत बसलेली मुलं, बाजूला उभे लांब दाढीचे त्यांचे सर. चित्र जरा हलत होतं, पण हे होडीतून दिसावं तसं हलणं सरांच्या मते नेटवर्कमुळे होतं. इकडच्या एकतीस पोरांनी एवढा कल्ला केला की शेजारच्या वर्गातली पोरं खिडकीला लटकली. हेडसर भाषणाचा कागद उलगडून पुढे झाले.

“थांबा सर,” बाई म्हणाल्या, “आधी हजेरी.”

इकडच्या एकतीस हजेऱ्या होईपर्यंत आठ मिनिटं गेली. हेडसर पुन्हा पुढे सरकले. बाई म्हणाल्या, “आणि त्यांची?”

संगणकवाल्या सरांना वाटलं, बाई गंमत करताहेत. बाईंनी आयुष्यात हजेरीची गंमत केलेली नव्हती. दाढीवाल्या सरांनी आधीच मुलांची यादी पाठवली होती. ती बाईंनी हजेरीच्या वहीत स्वतंत्र पानावर उतरवून, एक ते तेवीस असे नंबरही घालून आणले होते. नावांवरून मुलगा कुठला, मुलगी कुठली हे काही कळत नव्हतं, पण नंबराला ते कळावं लागत नाही. दोन्हीकडच्या सरांना मोडकीतोडकी येणारी एक तिसरी भाषा होती. तिच्यातून ‘हजर बाई’ म्हणजे काय आणि ते कधी म्हणायचं याची समजूत पलीकडे पोचली. पलीकडच्या मुलांना ही भलतीच मौज वाटली. एकेक जण ताडकन उठे आणि छाती फुगवून “हजर बाई!” ओरडे. इकडून टाळ्या पडत. तिकडचे सर दाढीतल्या दाढीत हसत होते.

“नंबर सतरा.”

कुणी उठलं नाही.

“नंबर सतरा!”

पडद्यावरची मुलं एकमेकांकडे बघून खुसखुसली आणि मग सगळी थेट समोर, म्हणजे इकडच्यांच्या डोळ्यांत, बघू लागली. दाढीवाले सर मान हलवत काहीतरी भराभर बोलले. संगणकवाल्या सरांना त्यातलं अर्धं कळलं, अर्धं नाही. घड्याळात पाचच मिनिटं उरली होती, हेडसर कागदाची घडी घालून पुन्हा उघडत होते. पुन्हा विचारायचं, मग ते पुन्हा सांगणार, एवढा वेळ कुणाकडे आहे?

“आजारी आहे म्हणे तो,” सर म्हणाले. “पुढचा घ्या.”

बाईंनी सतराच्या चौकोनात ‘गै’ लिहिलं. हेडसरांना बोलायला दीड मिनिट मिळालं. त्यात त्यांचं ‘आजच्या या मंगल प्रसंगी’ एवढं झालं आणि पडदा काळा झाला.

दुसऱ्या बुधवारीही सतरा उठला नाही. दाढीवाल्या सरांनी पुन्हा काहीतरी सांगितलं, या खेपेला बोटानं समोर दाखवून. आता संगणकवाल्या सरांनी खरं विचारून घ्यायला काय हरकत होती? पण मग गेल्या आठवड्याचं उघडं पडलं असतं. खोट्याचं असंच असतं, एकदा दारात घेतलं की त्याला जेवायलाही वाढावं लागतं. “अजून बरा नाही,” ते म्हणाले.

“काय होतंय त्याला?”

“कांजिण्या,” सर म्हणाले. लहानपणी त्यांना स्वतःला झाल्या होत्या, तोंडात तेच आलं.

बाईंनी त्या संध्याकाळी घरी विषय काढला. “आठ दिवस झाले पोर आजारी आहे,” त्या म्हणाल्या.

“मुलगा की मुलगी?” नवऱ्यानं विचारलं.

“मुलगा असावा. सर ‘तो’ म्हणतात.”

“अगं, सात समुद्रांपलीकडची पोरं ती. त्यांना त्यांचे सर आहेत, आईबाप आहेत. तू कशाला काळजी करतेस?”

“माझ्या वहीत नंबर आहे ना त्याचा?” बाई म्हणाल्या. “मग झालं तर. गावातला असता तर चौथ्या दिवशी घरी जाऊन आले असते. आता कुठं जाऊ?”

सासूबाईंनी चमचा खाली ठेवला. “कांजिण्यांना एकवीस दिवस,” त्या म्हणाल्या. “खाजवू देऊ नका म्हणावं. नखं कापा.” एवढा सल्ला त्यांनी चोवीस वर्षांत पहिल्यांदाच न भांडता दिला.

बाईंनी मनाशी एकवीस दिवस मोजले आणि वर्गाला कामाला लावलं. एकतीस मुलांनी एकतीस चित्रं काढली. प्रत्येक चित्रात अंथरुणात पडलेलं एक मूल, त्याच्या तोंडावर लाल ठिपके, उशाशी औषधाची बाटली, आणि वर ‘लवकर बरा हो’. ठिपक्यांच्या बाबतीत कुणीच हात आखडता घेतला नव्हता. एकानं तर उशीवर आणि भिंतीवरही काढले होते, कारण लाल खडू नवा होता. तिसऱ्या बुधवारी हजेरीत सतरावर पुन्हा ‘गै’ पडलं आणि मग सगळ्या मुलांनी चित्रं पडद्यासमोर धरली. “नखं कापायची!” एकतीस जण एका सुरात ओरडले.

पलीकडे तेवीसांतल्या बावीस चेहऱ्यांवर काळजी दाटली. दाढीवाल्या सरांनी छातीवर हात ठेवून काहीतरी हळुवारपणे म्हटलं. ‘तुमच्याकडचं कोण एवढं आजारी आहे?’ असं ते विचारत होते, हे संगणकवाल्या सरांना या खेपेला पूर्ण कळलं.

“काय म्हणाले?” बाईंनी विचारलं.

“आभार मानताहेत.”

चौथ्या बुधवारच्या दोन दिवस आधी पलीकडून चित्रांचं एक बाड इंटरनेटवरून येऊन पडलं. सगळ्यांत अंथरुणावरचं मूल, सगळ्यांत लाल ठिपके. तिकडच्या मुलांनी इकडच्या आजारी मुलाला धीर द्यायला काढलेली ही चित्रं होती. संगणकवाल्या सरांनी ती लपवायचा विचार केला, पण छपाईचं यंत्र हेडसरांच्या खोलीत होतं आणि त्यांनी हौसेनं सगळी रंगीत छापून बाईंच्या टेबलावर पाठवून दिली. बाईंनी चष्मा लावून एकेक चित्र न्याहाळलं. त्यांच्या मते हा सतराचा प्रकृतीचा अहवाल होता.

“पुळ्या अजून बऱ्याच दिसताहेत,” त्या म्हणाल्या. “पण इथं बघा, या चित्रात उठून बसलाय.”

संगणकवाले सर ‘हो ना’ म्हणाले. आता ते रडायच्या बेतात होते. शाळेत त्यांना नवीन म्हणता येत नव्हतं, पण नोकरी पक्की व्हायची होती आणि ती पक्की करणारे साहेब नेमके चौथ्याच बुधवारी हा परदेशी तास बघायला येणार होते.

हेडसरांनी बाईंना खोलीत बोलावलं. “बाई, बुधवारी हजेरी नाही,” ते म्हणाले. “साहेबांना काय वीस मिनिटं आकडे ऐकवायचे? मुलं कविता म्हणतील, मी दोन शब्द बोलेन, संपलं. हजेरी काढलीत तर पुढच्या आठवड्यापासून हा तास सरांच्याच ताब्यात देईन. मग तुम्ही आणि तुमची वही वर्गात बसा.”

“पण सर, बुधवारी त्याचे एकवीस दिवस संपतात.”

“कुणाचे?”

“सतराचे.”

हेडसरांनी टेबलावरचा पेपरवेट उचलून दुसऱ्या जागी ठेवला. तेवीस वर्षं बाईंबरोबर काढलेल्या माणसाला वाद घालण्याचा फोलपणा माहीत असतो. “हजेरी नाही,” ते एवढंच म्हणाले.

बुधवारी साहेब पहिल्या बाकावर अवघडून बसले. गुडघे वर, पोट बाकात अडकलेलं, चेहरा प्रसन्न ठेवण्याची शिकस्त. पडदा उजळला. इकडच्यांची कविता झाली, तिकडच्यांचं गाणं झालं. हेडसरांचे दोन शब्द दोनशेपर्यंत पोचले. बाई दाराजवळ उभ्या होत्या, वही छातीशी घट्ट धरून. हा तास हातचा गेला तर त्या पोराचं पुढे काय झालं हे कधी कळणारच नव्हतं. आणि आज हाक मारली तर तास जाणारच होता. म्हणजे हाक मारायची तर आजच. बाईंचा हिशोब नेहमी असा सरळ असे.

त्या चालत पडद्यापुढे गेल्या. हेडसर ‘जागतिक बंधुभाव’ या शब्दाच्या मध्यावर होते.

“नंबर सतरा,” बाई म्हणाल्या.

हेडसर ‘बंधु’वर थांबले. संगणकवाले सर भिंतीला टेकले. साहेबांनी विचारलं, “हे काय चाललंय?”

“साहेब, एक मूल तीन आठवडे गैरहजर आहे,” बाई म्हणाल्या. “आज चौथा. कांजिण्यांचे दिवस संपले. आता तरी यायला हवं. आलं नसेल तर काय झालं ते कुणीतरी मला सांगायला हवं. मला रात्रंदिवस दुसरं सुचत नाही.” आणि पडद्याकडे वळून त्या पुन्हा ओरडल्या, “नंबर सतरा!”

पडद्यावरचं चित्र थरथरलं.

“विचारा त्यांना,” साहेब संगणकवाल्या सरांना म्हणाले. त्यांना आता कवितेपेक्षा यात जास्त रस वाटू लागला होता.

सरांची पाचावर धारण बसली. पण त्यांनी विचारलं, या खेपेला नीट, एकेक शब्द. दाढीवाल्या सरांनी तेच पूर्वीचं सांगितलं, बोटानं समोर दाखवून. सरांनी खाली मान घातली.

“बाई, सतरा आजारी नव्हताच. म्हणजे नव्हती. मुलगी आहे ती. कांजिण्या माझ्याच मनाच्या. वेळ जात होता म्हणून मी पहिल्या दिवशी थाप मारली आणि मग…”

“कुठं आहे ती?”

“आपण ज्यातून बघतोय ना, तो टॅब्लेट तिनं धरलाय. त्यांचा स्टँड मोडलाय. वर्गात तिचे हात सगळ्यांत स्थिर, म्हणून दर वेळी तीच धरते. माइक तिच्या तोंडाशी येतो, म्हणून तिला बोलायचं नाही असं सांगितलंय.”

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हा. चार बुधवार सगळा वर्ग जिच्या हातांतून पलीकडचं जग बघत होता, तिलाच बाई वहीत गैरहजर मांडत होत्या आणि तिलाच नखं कापायला सांगत होत्या. कुणीतरी फिस्सकन हसलं. बाईंनी नुसतं बघितल्यावर ते हसू जागच्या जागी विरलं.

“तुमच्याशी नंतर बोलते,” त्या संगणकवाल्या सरांना म्हणाल्या. “आधी तिला म्हणावं, चेहरा दाखव.”

निरोप पोचला. पडद्यावर वर्ग तिरका झाला, मग छत आलं, मग दिव्याची नळी, मग काहीतरी गुलाबी आणि खूप मोठं. ते नाक होतं. नाक मागे सरकलं आणि त्याच्याभोवती एक मुलगी तयार झाली, कपाळावर वाकडेतिकडे कापलेले केस, समोरचा एक दात पडलेला. चार आठवड्यांचा दम साठवून ती ओरडली, “हजर बाई!” माइक खरोखरच तोंडाशी होता. साहेबांनी कानांवर हात ठेवले.

बाई हसत होत्या आणि डोळेही पुसत होत्या, दोन्ही उघडउघड. “हात दुखतात का विचारा तिला,” त्या म्हणाल्या.

“थोडे दुखतात म्हणते,” सरांनी सांगितलं. “पण तुमचे आवाज सगळ्यांत जवळून तिलाच ऐकू येतात, ते तिला आवडतं.”

“तिला म्हणावं, चुकलं माझं. मी तिला तीनदा गैरहजर मांडलं.”

सरांनी ते सांगितलं. मुलीनं मान वाकडी करून ऐकलं, मग लांबलचक काहीतरी विचारलं. दाढीवाल्या सरांनी ते तिसऱ्या भाषेत सांगितलं, तेव्हा इकडचे सर गोंधळले.

“काय म्हणते?”

“विचारतेय, तुमची हजेरी कोण घेतं?”

“माझी?” बाई म्हणाल्या. “माझी कुणी घेत नाही. मी घेते ती.”

हे पलीकडे गेलं. मुलीनं टॅब्लेट शेजारच्या पोराच्या हातात कोंबला. चित्र भयंकर हललं. मग ती त्याच्यासमोर, सगळ्यांच्या पुढे, येऊन उभी राहिली. दोन्ही हात रिकामे असल्यामुळे ते कुठं ठेवावेत हे तिला कळत नव्हतं. शेवटी एका हातावर तिनं वही धरल्यासारखं केलं, दुसऱ्या हातात पेन धरल्यासारखं. चार बुधवार ऐकलेल्या ‘हजर बाई’तला दुसरा शब्द तिनं बाईंच्याच सुरात, शेवटी उंच नेत, हाक मारून विचारला.

“बाई?”

इकडची एकतीस मुलं, हेडसर, साहेब, सगळे वळून बाईंकडे बघायला लागले. चौतीस वर्षांत ही हाक बाईंच्या वाट्याला कधी आली नव्हती. ती आली की काय करायचं हे त्यांना माहीत नव्हतं. त्यांनी वही टेबलावर ठेवली, पदर सारखा केला, आणि वर्गातल्या मुलांसारख्या ताठ उभ्या राहिल्या.

पलीकडे ती पोरगी पेन वर धरून थांबली होती. तिनं जराशा दरडावून पुन्हा विचारलं, “बाई?”

“हजर गं,” बाई म्हणाल्या.